अकरा महिने

हिरामणने सकाळपासून तिसरा शर्ट अंगात घातला तेव्हा त्याच्या बायकोला, पुतळाला, राहवलं नाही.

"सुनावनीला चाललाव का सोयरिकीला?"

"गप ऱ्हा गो," हिरामण म्हणाला आणि गळ्याजवळचं बटण लावायला लागला. ते काही केल्या लागेना. सत्तरीला टेकलेल्या माणसाला बटण लागलं नाही तर ते वयावर ढकलता येतं, एवढीच काय ती सोय.

सुनावणी गावदेवीच्या देवळामागच्या समाजमंदिरात सकाळपासून चालू होती; हिरामणची पाळी दुपारी तीनला होती. पंधरा दिवस भोंगा लावलेली रिक्षा गल्लीबोळांतून फिरत होती आणि मराठीत, हिंदीत, मधूनच कन्नडमध्येही तेच तेच सांगत होती. बाहेरून येऊन वॉर्डात राहिलेल्या प्रत्येकाची नोंद होणार. ती सगळ्यांसमोर होणार. जे लिहिलं जाईल ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसणार. भाडेकरूला विचारणार, मालकाला विचारणार, आणि ज्याला पटणार नाही त्याने तिथल्या तिथे हरकत घ्यायची. दहा वर्षांच्या वर राहिलेल्याला रहिवासी पान मिळणार, आणि ते पान हातात असलं की दवाखाना म्हणा, शाळा म्हणा, वॉर्डाची सभा म्हणा, सगळीकडे इथल्या माणसाचा हक्क. रबाळ्याच्या कंपन्यांत राबणारी, तुर्भ्याला ट्रक भरणारी माणसं त्या रिक्षामागे चालत जाऊन घोषणा पुन्हा पुन्हा ऐकत होती. सरकार आपल्याला काही विचारणार आहे, हे त्यांना पहिल्या फेरीत खरंच वाटलं नव्हतं.

हिरामणनेही ऐकली होती. त्याचं घोडं अडत होतं ते त्याच्या घरामागच्या चाळीतल्या पाच नंबरच्या खोलीपाशी.

त्या खोलीत नंदकुमार प्रजापती राहायचा. मूळचा जौनपूरचा, रबाळ्याला एका कंपनीत पॅकिंगला. एकवीस वर्षं झाली होती. त्याची मुलगी पायल चार वर्षांची असताना तिची आई काविळीने गेली, आणि बाप पाळीवर गेला की ती पोर पुतळाच्या ओट्यावर यायची. तिथेच जेवली, तिथेच पाटीवर अक्षरं गिरवली, तिथेच कांजिण्या अंगावर काढल्या. आता एकोणीस वर्षांची होती. नर्सिंगच्या शाळेत स्थानिकांसाठी ठेवलेल्या जागांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. रहिवासी पान आणून द्यायला सोमवार संध्याकाळपर्यंतची मुदत होती, आणि आज शनिवार.

बरं, ती इथे वाढली हे साऱ्या गावाला ठाऊक. पण कागद भलतंच बोलत होता. हिरामणच्या चाळीत कुणीही आलं की अकरा महिन्यांचा करार. बारावा महिना लागू द्यायचा नाही, नाहीतर भाडेकरू खोलीवर हक्क सांगतो, हे गावातल्या प्रत्येक मालकाच्या रक्तात भिनलेलं. अकरा महिने सरले की नवा करार, नवा फोटो, नवा अंगठा. करार करून देणारा एजंट विचारायचा, "काका, किती काळ?" आणि हिरामण म्हणायचा, "अकरा महिने." नंदकुमारच्या बाबतीत तर तो हे चहा पिता पिता, एजंटकडे न बघता म्हणायचा. कागदावर बघाल तर नंदकुमार आणि त्याची पोर गेल्या वर्षी कुठूनतरी येऊन टपकलेली. जुने करार? ते कोण ठेवतं! नवा झाला की जुना एजंट फाडून टाकायचा.

धनेश साडेअकराला आला तो चपला न काढताच आत. हिरामणचा थोरला. तुर्भ्याला गाड्यांची कंत्राटं घ्यायचा आणि घरातही कंत्राटदारासारखाच बोलायचा.

"बाबा, काय बोलायचं ते ठरलंय ना?"

"ठरवायचा काय हाय त्याच्यात?" हिरामण म्हणाला. "इचारतील, मी सांगन."

"काय सांगन?"

हिरामणच्या आधी खिडकीशी बसलेली संध्या बोलली. संध्या म्हणजे धाकटी, कोपरखैरण्याला दिलेली, पालिकेच्या शाळेत शिक्षिका. सुनावणीसाठी म्हणून मुद्दाम आली होती.

"खरं सांगतील, दुसरं काय! एकवीस वर्षं राहतात म्हणून सांगतील."

"तू गप बस, मास्तरीण. बाबा, ऐका. आपली फाइल कुठे अडकलीय माहितीय ना? गरजेपोटीची?"

माहीत नसायला काय झालं? जमिनी शहरासाठी गेल्या, पोरं वाढली, जागा पुरेना, म्हणून गावकऱ्यांनी परवानगीवाचून जी बांधली ती 'गरजेपोटी बांधलेली घरं'. सरकारी भाषेतला हा शब्द गावात पोराटोरांच्या तोंडी होता. मागची नऊ खोल्यांची चाळ आम्ही आमच्या कुटुंबाच्या गरजेपोटी बांधली, ती कायम करा, असा अर्ज हिरामणच्या नावाने गेला होता. सोबत घरच्यांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र. नऊच्या नऊ खोल्यांत घरचीच माणसं राहतात असं त्यात लिहिलेलं. राहत होते सगळे नंदकुमारसारखे, पण लिहिणाऱ्याचा हात कोण धरतो?

"तुम्ही माइकवर बोललात की हा एकवीस वर्षं भाडेकरू आहे, तर आपली गरज कसली? धंदा झाला तो. सुनावणीच्या मॅडम सगळं ऑनलाइन टाकतात. पालिकेचे बांधकामवाले त्याच दिवशी वाचणार. फाइल गेली, चाळ गेली. मग टेन्शन कुणाला? मला!"

"आणि अकरा महिने म्हणाले तर पायलची सीट गेली, त्याचं काय?" संध्या उसळली. "दादा, एका मुलीचं आयुष्य आहे रे ते."

"आणि माझ्या पोरांचं काय, पिकनिक आहे?"

"मी वर्गात शिकवते ना हे सगळं, म्हणून सांगते. पहिल्यांदा कुणीतरी नीट, उघड्यावर, माणसाला विचारून करतंय. आपल्या आज्याला कुणी विचारलं होतं?"

हे मात्र हिरामणच्या वर्मी लागलं. तो सोळा वर्षांचा असताना जमिनी घेतल्याची नोटीस चावडीच्या भिंतीवर चिकटली होती. बापाला वाचता येत नव्हतं. लस टोचायची असेल, म्हणाला, आणि शेतावर निघून गेला. हरकत घ्यायची मुदत कधी आली आणि कधी गेली, कुणाला पत्ताही नाही. "आमाला कुनी इचारलाच नाय" हे वाक्य हिरामण पन्नास वर्षं म्हणत आला होता. मोर्चात, बारशाला, मयतीला, जिथे ऐकायला माणूस सापडेल तिथे.

"संध्या बरोबर बोलतंय," तो म्हणाला.

धनेशने खिशातून मोबाइल काढला. रागावला नाही. ते शांत राहणं बघूनच पुतळा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"हे प्रतिज्ञापत्र. मास्तरीणबाई, तुम्हीच वाचा. पाच नंबरची खोली."

संध्याने मोबाइल घेतला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला.

"'खोली क्रमांक पाच. कन्या संध्या, पतीसह वास्तव्य.' हे... हे मी नाही लिहिलं."

"खाली सही कुणाची?"

"तू म्हणालास सही कर, घरचं काम आहे. मी केली. मी वाचलं होतं कुठे?"

"आता वाच. खोटं प्रतिज्ञापत्र, आणि करणारी पालिकेच्या शाळेतली बाई. आधी तुझी नोकरी जाणार, मग माझी चाळ. बोल, सांगायचं खरं?"

बाहेर सार्वजनिक नळावर बायकांचं भांडण चाललं होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं. संध्याने मोबाइल परत दिला, पदर सारखा केला, आणि बापाकडे न बघता म्हणाली, "बाबा... नर्सिंगचे फॉर्म दरवर्षी निघतात म्हणा. पुढच्या वर्षी भरता येईल तिला."

हिरामण लेकीकडे बघतच राहिला. पाच मिनिटांपूर्वी हीच पोरगी आज्याचं नाव घेऊन भांडत होती. त्याला तिचा राग आला नाही. नुसतं वाईट वाटलं, आणि आपण आता एकटे पडलो हे कळलं.

"झाला तुमचा?" पुतळा दारातून म्हणाली.

आता पुतळा म्हणजे कशी, तर कागदपत्रांचा विषय निघाला की कानावर हात ठेवून आत जाणारी. सकाळपासून तिने या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. धनेशने तर ती आपल्याच बाजूची असं धरलंच होतं.

"आये, तू यात पडू नको."

"मी पडली नाय, मना पाडलाय तुमी. त्या पोरीची आई गेली तवा तिच्या पायाला हात लावून मी बोलली, तुजी पोर मी बगन. तो कागद कुनाकडं हाय? कुनाकडंच नाय. म्हनून त्याची किंमत नाय का?"

"चाळ पाडतील, आये!"

"पाडू दे. चाळ नव्हती तवा पन आमी जेवत व्हतो." ती हिरामणकडे वळली. "तुमी खरा काय ता सांगा. आनि येताना ता पान घेवनच या."

"तू येत नाय?"

"नाय. मी आली त तोंड उघडन, आनि चार मानसांत लेकाचा अपमान व्हईल. तुमी हाव ना. तुमीच बोला."

धनेशने हात झटकले. "करा काय करायचं ते! उद्या जेसीबी आला की त्याला पण सांगा, चाळ नव्हती तेव्हा जेवत होतो." तो तरातरा बाहेर गेला, पण गेटापाशी थांबला. सुनावणी चुकवून चालणार नव्हतं.

अडीचला पायल बोलवायला आली. केस चापूनचोपून बांधलेले, हातात पारदर्शक फाइल, त्यात शाळेचे दाखले.

"आबा, चला लवकर. पप्पानी खुर्ची धरलीय तुमच्यासाठी. मागं बसलाव त ऐकू येनार नाय."

दोघं चालत निघाले. समाजमंदिरापर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा, हिरामणच्या गुडघ्यांमुळे, काठी टेकत टेकत, पंधरा. पायल त्याच्या चालीने चालत होती. पुढल्या वळणावर खणलेल्या गटाराशी तिने त्याचा हात धरला आणि ओलांडून झाल्यावर सोडला.

"भ्या वाटतंय का गो?" त्याने विचारलं.

"मना कशाला भ्या? तुमी हाव ना."

"मी सांगतंय ना आज. एकवीस वर्सं. मोठ्यान सांगतंय. तुजा काम झाला समज."

ती हसली. हिरामणला खरोखरच बरं वाटलं. हे त्याने ठरवलं होतं, मनापासून ठरवलं होतं, देवाशपथ सांगायला तो तेव्हा तयार होता.

समाजमंदिरात माणूस मावत नव्हता. तरी गोंधळ नव्हता. दारात पाण्याचे जार, बायकांसाठी वेगळी रांग, कन्नड बोलणाऱ्यांसाठी दुभाषा. टेबलामागे सुनीती मॅडम बसल्या होत्या, चाळिशीच्या, सुती साडीतल्या, सकाळपासून बोलून बोलून आवाज बसलेल्या. त्या टाइप करतील ते मागच्या पडद्यावर भलंमोठं उमटत होतं. हिरामण आला तेव्हा एका गवंड्याचं प्रकरण चाललं होतं. मालक म्हणाला दोन वर्षं. गवंडी उठून म्हणाला नऊ, आणि हरकत घेतो. मॅडमनी दूधवाल्याला उभं केलं, शेजारणीला विचारलं, पाणीपट्टीची पावती मागवली, आणि पडद्यावरचा दोनाचा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुसून नऊ केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गवंड्याला दहा भरत नव्हती, पान काही मिळालं नाही, तरी तो छाती पुढे काढून जागेवर गेला.

"हे असा पायजे व्हता आमच्या बापाला," हिरामण पुटपुटला. शेजारी बसलेल्या धनेशने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. संध्या मागच्या रांगेत, मोबाइलमध्ये डोकं घालून.

"नंदकुमार प्रजापती," मॅडमनी पुकारलं. "घरमालक हिरामण काका. या, बसूनच बोला."

माइक त्याच्यापुढे आला. नंदकुमार दोन पावलं मागे उभा राहिला, हात जोडून, कारण सरकारपुढे उभं राहायची दुसरी रीत त्याला माहीत नव्हती. पायल त्याच्या बाजूला.

"काका, आधी सांगून ठेवते," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जे बोलाल ते आत्ता इथे टाइप होईल. सगळ्यांना दिसेल, बाकीच्या खात्यांना पण दिसेल, बांधकाम विभागाला पण. नंतर कुणी म्हणायला नको की आम्हाला अंधारात ठेवलं."

कसलं प्रामाणिक बोलणं ते! असं बोलणारा सरकारी माणूस भेटावा म्हणून हिरामणने अख्खं आयुष्य घालवलं होतं. आणि तो भेटला तेव्हा त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं. सगळ्यांना दिसेल. त्याने पडद्याकडे बघितलं. पडदा केवढा तरी मोठा होता.

"हे आणि यांची मुलगी पायल, तुमच्याकडे किती काळ?"

"अकरा महिने," हिरामण म्हणाला.

तोंडातून शब्द गेला तेव्हा त्याचा त्यालाच धक्का बसला. तो एकवीस वर्षं म्हणणार होता. ते जिभेवर होतं. पण 'किती काळ' म्हटल्यावर काय म्हणायचं हे त्या जिभेला दुसरंच शिकवलेलं होतं, आणि ती शिकवल्याप्रमाणे वागली. चूक होती ती, शुद्ध चूक. अजून काही बिघडलं नव्हतं. 'नाय नाय मॅडम, चुकलो,' एवढं म्हणायचा अवकाश.

मॅडमनी टाइप केलं नाही. चष्मा काढला.

"काका, नक्की? या मुलीचा दाखला इथल्या शाळेचा दिसतोय. पहिलीपासूनचा."

मॅडमनी त्याच्यासाठी परतीचं दार उघडून धरलं होतं. हिरामणने मान वळवली. धनेश समोर बघत होता, श्वास रोखून. संध्याने मोबाइल मांडीवर ठेवला होता आणि तिचे डोळे भरले होते. तिने मान हलवली, अगदी थोडी. नको, म्हणत होती.

"करार हाय ना मॅडम," हिरामण म्हणाला. "करारात काय हाय ता बगा."

ही मात्र चूक नव्हती. हे त्याने शुद्धीत, समजून उमजून म्हटलं, आणि सभागृहात बसलेल्या प्रत्येक मालकाला ते कळलं. त्यातला एकही उठला नाही. उद्या त्यांच्याही चाळींची पाळी होती.

नंदकुमारला मराठी पुरतं कळायचं नाही, पण आकडा कळला. "सेठ..." एवढंच तो म्हणाला.

मॅडमनी माइक पायलकडे दिला.

"ऐक बाळ. मालक अकरा महिने म्हणतात. तुला हे मान्य नसेल तर हरकत घ्यायचा तुला पूर्ण अधिकार आहे. तू नुसतं 'हरकत' म्हण, मी नोंद थांबवते. सोमवारी सकाळी बांधकाम विभागाचा माणूस बरोबर घेऊन मी स्वतः चाळीत येईन. खोल्या बघेन, कोण किती वर्षं राहतंय ते घरोघर विचारेन. तुझं खरं निघालं तर दुपारच्या आत पान तुझ्या हातात. कुणाला घाबरायचं नाही. समजलं?"

"समजला," पायल म्हणाली.

तिला सगळंच समजलं होतं. गावात वाढलेली पोर ती, बांधकाम विभाग चाळीत आला की काय होतं हे तिला मॅडमनी सांगायची गरज नव्हती. तिने हिरामणकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर त्याला सोसला असता. तिने बघितलं ते गटाराशी हात धरण्यापूर्वी बघितलं होतं तसं, म्हातारा पडेल की काय म्हणून. हिरामणला वाटलं, म्हण, पोरी. घे हरकत. माझी चाळ मोड, पण बोल. मनातल्या मनात तो तिच्या पाया पडत होता, आणि तोंडात मूग गिळून बसला होता.

"बोल बेटा," नंदकुमार हळूच म्हणाला.

पायलने माइक तोंडाजवळ घेतला.

"आबा बोलतान ता बरोबर हाय. आमी औंदाच आलोव हितं."

सभागृहात कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. गावच्या म्हाताऱ्या बायका बोलतात तशी ती बोलली होती, शब्द ना शब्द. ती बोली अकरा महिन्यांत कुणाला येत नाही. मॅडम मूळच्या साताऱ्याकडच्या, पण तेवढं त्यांनाही कळलं. त्यांनी कीबोर्डवरून बोटं उचलली.

"म्हणजे तुझी हरकत नाही?"

"नाय."

"पुन्हा विचारते. एकदा लिहिलं की वर्षभर बदलता येणार नाही."

"नाय मॅडम. लिवा तुमी."

मॅडमनी लिहिलं. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं. पायल नंदकुमार प्रजापती. वास्तव्य अकरा महिने. रहिवासी पानास अपात्र. मालकाचा जबाब घेतला. अर्जदाराची हरकत नाही. मागच्या रांगेतला माणूससुद्धा वाचू शकत होता.

पायलने फाइल काखेत धरली, बापाचा दंड धरला आणि त्याला गर्दीतून वाट काढत दाराकडे नेलं. जाताना हिरामणच्या खुर्चीपाशी थांबून त्याची सरकलेली काठी तिने खुर्चीला नीट टेकवून ठेवली. धनेशने सुस्कारा टाकला. संध्या रडत होती.

"काका," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आता काहीही नव्हतं, "अर्जदार गेलेत, म्हणून तुम्हाला विचारते. नोंद कायम करण्याआधी विचारावं लागतं. मुलीच्या नावात काही चूक?"

हिरामणने पडद्याकडे बघितलं. सावकाश, अक्षर अक्षर लावून वाचलं.

"नाय," तो म्हणाला. "नाव बरोबर हाय."